डेटाबेस सोर्समधून बिल्ड करताना शंभर एरर आल्या, तर पहिली कुठली ते शोधा

प्रश्न असा आहे. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी प्रोजेक्टसाठी पोस्टग्रेसक्यूएल १६ हा डेटाबेस (थोडक्यात पोस्टग्रेस) गिटमधून घेऊन बिल्ड करतोय. लॅपटॉप ८ जीबीचा, विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय), त्यात उबुंटू २४.०४. 'कॉन्फिगर' (लागणाऱ्या गोष्टी मशीनवर आहेत का ते तपासणारी स्क्रिप्ट) तीन-चारदा अडलं, प्रत्येक वेळी नेटवर सापडलेलं पॅकेज टाकलं. आता 'मेक' (प्रत्यक्ष बिल्ड करणारी आज्ञा) मध्येच कोलमडतं आणि कधीकधी अख्खा लॅपटॉप गोठतो. त्याच्या मित्राचं रेडिस (हाही एक डेटाबेस) एका जुन्या सर्व्हरवर अडलंय, तिथे तर एररना अंतच नाही. विचारणं एवढंच की एकेक एरर शोधत पॅकेजं टाकत बसायचं, की याला काही पद्धत आहे?

पद्धत आहे. (आज्ञा आणि मेसेज इथे देवनागरीत लिहिले आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.) आधी हे ओळखा की तक्रार कोण करतंय: कॉन्फिगर, कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत आणणारा), लिंकर (तयार तुकडे आणि लायब्ररी एकत्र जोडणारा), की थेट कर्नल (लिनक्सचा गाभा). चौघांची भाषा वेगळी आणि इलाजही वेगळा. लिंकरच्या तक्रारीवर कंपायलरचं औषध दिलं की दोन तास जातात आणि मशीनवर नको ती वीस पॅकेजं जमतात.

मित्राच्या रेडिसपासून सुरुवात करू, कारण त्यात मूळ मुद्दा स्वच्छ दिसतो. रेडिस ६ सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर बिल्ड केलं की स्क्रीनवर ओळींमागून ओळी धावतात: 'स्ट्रक्ट रेडिससर्व्हर हॅज नो मेंबर नेम्ड मॅक्समेमरी', मग दुसरा मेंबर, मग तिसरा. वाचणाऱ्याला वाटतं की सोर्सच फुटका डाउनलोड झालाय. तो पुन्हा डाउनलोड करतो आणि पुन्हा तेच होतं. आता वर स्क्रोल करत अगदी पहिल्या 'एरर:' पर्यंत जा. तिथे 'सर्व्हर.एच' मधल्या एका ओळीवर लिहिलेलं असतं: 'एक्स्पेक्टेड स्पेसिफायर-क्वालिफायर-लिस्ट बिफोर _अटॉमिक'. रोग एवढाच. '_अटॉमिक' हा सी११ (सी भाषेची २०११ ची आवृत्ती) मधला शब्द. सेंटओएस ७ सोबत येणारा कंपायलर जीसीसी ४.८.५ आहे आणि त्याला तो कळत नाही. त्या ओळीवर स्ट्रक्टची व्याख्या अर्धवट राहिली, म्हणून पुढे जिथे जिथे तिचा मेंबर वापरलाय तिथे कंपायलर ओरडला. बाकीच्या सगळ्या एरर या एकीची पिल्लं. इलाज म्हणजे नवा कंपायलर (सेंटओएस ७ वर तो 'डेवटूलसेट' मधून मिळत असे) आणि त्यानंतर 'मेक डिस्टक्लीन' (आधीच्या बिल्डचं सगळं पुसणारी आज्ञा). त्यापेक्षा बरं म्हणजे तो सर्व्हरच बदलायला सांगा. सेंटओएस ७ चा सपोर्ट जून २०२४ मध्ये संपलाय.

रेडिसमध्ये 'डिस्टक्लीन' विसरलात तर दुसराच गोंधळ होतो. पहिल्यांदा मशीनवर जीसीसीच नसताना 'मेक' चालवलं, ते पडलं, मग जीसीसी टाकून पुन्हा चालवलं, तर 'जेईमॅलॉक/जेईमॅलॉक.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येतं. लोक इथे जेईमॅलॉकचं पॅकेज शोधायला धावतात. पॅकेजची गरज नसते, रेडिस स्वतःचं जेईमॅलॉक (मेमरी वाटून देणारी लायब्ररी) बरोबर आणतं. पहिल्या फसलेल्या प्रयत्नात ते बिल्ड झालं नाही आणि मेकफाइलला वाटतंय की ते काम झालेलं आहे. 'मेक डिस्टक्लीन' करून परत 'मेक' केलं की प्रश्न सुटतो.

म्हणून सवय अशी लावा की आउटपुट नेहमी फाइलमध्ये धरायचं: 'मेक २>&१ | टी बिल्ड.लॉग', आणि मग 'ग्रेप -एन "एरर:" बिल्ड.लॉग | हेड'. शेवटची ओळ, ती 'मेक: *** एरर २' वाली, काहीही सांगत नाही. दुर्दैवाने मदत मागताना लोक नेमका तिचाच स्क्रीनशॉट पाठवतात. 'मेक -जे८' ने चालवलं असेल तर आठ कामांचे मेसेज एकमेकांत मिसळतात आणि पहिली एरर खरंच पहिली आहे का हेही कळत नाही. तेव्हा काहीही साफ न करता फक्त 'मेक -जे१' चालवा. जे झालंय ते झालेलंच राहतं, मेक थेट अडलेल्या फाइलपाशी जातं आणि एकच एरर नीट दाखवून थांबतं. मेसेज दुसऱ्या भाषेत येत असतील तर आधी 'एलसी_ऑल=सी' लावा, नाहीतर सर्चमध्ये काही सापडणार नाही.

आता तुमच्या पोस्टग्रेसकडे. कॉन्फिगर 'नॉट फाउंड' म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा लायब्ररी मशीनवर असते, नसतात त्या हेडर फाइली (लायब्ररीत कुठली फंक्शन आहेत ते कंपायलरला सांगणाऱ्या '.एच' फाइली). उबुंटूवर त्या '-डेव्ह' पॅकेजमध्ये येतात, फेडोरा-रेडहॅट घराण्यात '-डेव्हल' मध्ये. पोस्टग्रेस १६ साठी उबुंटूवर एवढं पुरतं: बिल्ड-इसेन्शियल, पीकेजी-कॉन्फिग, लिबआयसीयू-डेव्ह, लिबरीडलाइन-डेव्ह, झेडलिब१जी-डेव्ह, बायसन, फ्लेक्स. एका दमात टाका. आयसीयूची (वेगवेगळ्या भाषांचा मजकूर हाताळणारी लायब्ररी) गोष्ट अशी की आवृत्ती १६ पासून ते मुळातच चालू असतं, आधी मागावं लागायचं. जुन्या ट्युटोरियलमध्ये म्हणूनच त्याचा उल्लेख नसतो. नको असेल तर '--विदाउट-आयसीयू' द्या, शिकण्याच्या प्रोजेक्टला काही बिघडत नाही. आणि लिबआयसीयू-डेव्ह टाकूनही 'आयसीयू लायब्ररी नॉट फाउंड' येत असेल तर पीकेजी-कॉन्फिग आहे का पाहा. ते नसलं तरी मेसेज तोच येतो आणि माणूस आयसीयूच्याच मागे लागतो.

बायसन-फ्लेक्सचा (व्याकरणाच्या नियमांवरून सी कोड तयार करणारी अवजारं) सापळा वेगळा. आवृत्ती १६ पर्यंत रिलीजच्या टारबॉलमध्ये (सोर्सचा एका फाइलीत बांधलेला गठ्ठा) या दोघांनी तयार केलेल्या फाइली आयत्या मिळत, गिटमध्ये मिळत नाहीत. तुम्ही गिटमधून घेतलंय, म्हणजे दोन्ही हवेतच. कॉन्फिगर याबद्दल फक्त वॉर्निंग देऊन पुढे जातं, ती दोनशे ओळींत हरवते, आणि मेक पुढे 'बायसन इज मिसिंग ऑन युअर सिस्टिम' म्हणून पडतं. आवृत्ती १७ पासून टारबॉलमधूनही त्या आयत्या फाइली काढल्या आहेत, त्यामुळे बायसन, फ्लेक्स आणि पर्ल सगळ्यांनाच लागतात.

कॉन्फिगरचा मेसेज एका ओळीचा असतो, कारण मात्र 'कॉन्फिग.लॉग' मध्ये असतं. 'सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्यूटेबल्स' हे वाचून जीसीसी पुन्हा टाकू नका. लॉग उघडा आणि तोच मेसेज शोधून त्याच्या वर बघा. कॉन्फिगरने एक चिमुकला सी प्रोग्राम लिहून कंपाइल करायचा प्रयत्न केलेला असतो, ती आज्ञा आणि कंपायलरचं उत्तर दोन्ही शब्दशः तिथे असतं. बऱ्याचदा दिसतं की 'सीफ्लॅग्ज' (कंपायलरला द्यायचे ऑप्शन) मध्ये तुम्हीच टाइप केलेला एखादा ऑप्शन चुकलाय. लॉगच्या तळाशी व्हेरिएबल्सची यादी असते, ती एररच्या नंतर येते, तिथे अडकू नका. याच ओघात: '-डब्ल्यूएरर' कॉन्फिगरच्या 'सीफ्लॅग्ज' मध्ये कधीच देऊ नका. कॉन्फिगरच्या चाचणी-प्रोग्रामना वॉर्निंग येतात, त्या एरर होतात आणि असलेल्या सुविधा 'नाहीत' म्हणून नोंदल्या जातात. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी 'मेक सीओपीटी=-डब्ल्यूएरर' अशी सोय आहे.

विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर हमखास सापडणारा एक गुन्हेगार म्हणजे ॲनाकोंडा. पायथनसाठी टाकलेलं असतं आणि पाथमध्ये सगळ्यांच्या पुढे बसलेलं असतं. कॉन्फिगर नीट होतं, कंपाइल नीट होतं, आणि लिंक करताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू यूकॉल_ओपन_७३'. शेवटचा आकडा नीट बघा. आयसीयू आपल्या प्रत्येक फंक्शनच्या नावाला आवृत्ती चिकटवतं. उबुंटू २४.०४ चं आयसीयू ७४ आहे. मग ७३ आलं कुठून? हेडर कोंडाच्या फोल्डरमधून वाचली गेली आणि लायब्ररी सिस्टिमची जोडली गेली. 'कोंडा डीॲक्टिव्हेट' करा, 'विच पीकेजी-कॉन्फिग' आणि 'विच जीसीसी' दोन्ही '/यूएसआर/बिन' दाखवतायत याची खात्री करा, 'मेक डिस्टक्लीन', आणि कॉन्फिगर पहिल्यापासून. डिस्टक्लीन गाळलंत तर कोंडाच्या हेडर वापरून आधी कंपाइल झालेल्या '.ओ' फाइली तशाच राहतील.

लिंकरची ओळख पटवणं सोपं आहे. 'नो सच फाइल' आणि त्यात '.एच' असेल तर कंपायलर बोलतोय, त्याला हेडर सापडत नाही. 'कॅनॉट फाइंड -एलरीडलाइन' म्हणजे लिंकरला लायब्ररी मिळत नाही. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणजे फंक्शन कुठल्याच जोडलेल्या लायब्ररीत सापडलं नाही. ती लायब्ररी दिलीच नाही, चुकीच्या आवृत्तीची दिली, किंवा चुकीच्या जागी दिली. शेवटचं एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये छान दिसतं. त्याच्या दोन सी फाइली एका ओळीत कंपाइल होतात, पण '-एलपीथ्रेड -एलडीएल -एलएम' हे फाइलींच्या नंतर लिहायचं. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो आणि त्या क्षणी ज्याची गरज नाही ते सोडून देतो. गंमत म्हणजे पीथ्रेड आणि डीएल विसरूनही नव्या उबुंटूवर चालून जातं, कारण २०२१ मध्ये आलेल्या जीलिबसी (लिनक्सची मुख्य सी लायब्ररी) २.३४ पासून त्या दोन्ही लायब्ररी मुख्य लायब्ररीतच विलीन झाल्या. तीच आज्ञा उबुंटू २०.०४ च्या सर्व्हरवर 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू डीएलओपन' देते. तुमच्याकडे चालतं आणि सरांच्या मशीनवर नाही, यामागे बऱ्याचदा असलंच काही असतं.

आता लॅपटॉप गोठण्याबद्दल. 'जी++: फेटल एरर: किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस' यात कोडची काही चूक नाही. रॅम संपली आणि कर्नलने कंपायलर मारला. 'डीमेसेज | टेल' मध्ये 'आउट ऑफ मेमरी' दिसेल. डब्ल्यूएसएल२ लिनक्सला सहसा मशीनच्या निम्मीच रॅम देतं, म्हणजे तुमच्या ८ जीबीतले ४. त्यावर 'मेक -जे८' म्हणजे एकाच स्वयंपाकघरात आठ आचारी. पोस्टग्रेस सी मध्ये आहे, एकेक फाइल हलकी, '-जे४' निभावतं. मायएसक्यूएल, मारियाडीबी, डकडीबी, रॉक्सडीबी हे सी++ वाले. एकेका कंपायलर प्रोसेसला सहज १ जीबी आणि क्वचित त्याहून जास्त लागतं. तिथे दर २ जीबी रॅममागे एक काम हा हिशोब धरा. नुसतं 'मेक -जे', आकड्याशिवाय, कधीच नको, त्याला मर्यादाच नसते. निंजा (मेकच्या जागी वापरतात ते अवजार) तर न सांगताच कोअरच्या संख्येहून दोन कामं जास्त सुरू करतं, तिथे '-जे२' स्वतःहून द्या. विंडोजच्या बाजूला '.डब्ल्यूएसएलकॉन्फिग' मध्ये मेमरी आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवता येतात. स्वॅप ८ जीबी केलात तर बिल्ड रांगत का होईना, पुरं होतं.

डब्ल्यूएसएलमधला दुसरा मुद्दा जागेचा. सोर्स '/एमएनटी/सी' खाली, डेस्कटॉपवरच्या 'फायनल इयर प्रोजेक्ट' अशा फोल्डरात ठेवलाय का? तिथून हलवा. एक तर तो मार्ग कमालीचा हळू. दुसरं, मार्गात स्पेस असली की मेक एका नावाचे तीन तुकडे करतं. तिसरं, विंडोजच्या गिटने क्लोन केलं असेल तर ओळींचे शेवट बदललेले असतात आणि 'बॅड इंटरप्रिटर: /बिन/एसएच^एम' असं काहीतरी अगम्य येतं. लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये, लिनक्सच्याच गिटने नवं क्लोन घ्या.

पुण्यात राहताना आणखी एक. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, आणि कॉलेज लॅबमधला डेस्कटॉप बिल्डच्या मध्येच बंद पडतो. परत 'मेक' केलं की लिंकर एखाद्या '.ओ' फाइलबद्दल 'फाइल नॉट रेकग्नाइज्ड' म्हणतो. ती फाइल शून्य बाइटची असते. नाव तयार झालं, मजकूर डिस्कवर उतरलाच नाही. मेक फक्त तारीख बघतं, त्याच्या लेखी ती फाइल ताजी आहे. 'फाइंड . -नेम "*.ओ" -साइझ ० -डिलीट' करून परत मेक करा, अख्खं बिल्ड पहिल्यापासून करायची गरज नाही. लॅबमध्ये सुडो (रूट म्हणजे ॲडमिनचे अधिकार) मिळत नसेल तर '--प्रीफिक्स=$होम/पीजी१६' द्या, पोस्टग्रेसला रूटची गरजच नसते. उलट रूटने 'मेक चेक' (पोस्टग्रेसच्या चाचण्या) चालवलं तर इनिटडीबी (नवा डेटाबेस मांडणारा प्रोग्राम) साफ नकार देतं.

यानंतर सगळ्यात गहन प्रकार: जुना कोड, नवा कंपायलर. कोडमध्ये कुणी अक्षरही बदललेलं नसतं, तरी काल होणारं बिल्ड आज होत नाही, कारण मधे डिस्ट्रो अपग्रेड झाली. मोजक्या खुणा लक्षात ठेवल्या तर एरर बघून जीसीसीची आवृत्ती सांगता येते. 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ' लिंकिंगला आलं तर जीसीसी १० (२०२०) चा बदल: हेडरमध्ये 'एक्स्टर्न' न लिहिता ठेवलेलं ग्लोबल व्हेरिएबल आधी खपून जायचं, आता नाही. तात्पुरता उतारा '-एफकॉमन'. 'यूइंट६४_टी डझ नॉट नेम अ टाइप' म्हणजे जीसीसी १३ (२०२३): 'सीएसटीडिंट' आधी दुसऱ्या हेडरच्या मागून आपोआप यायचं, ते थांबलं. रॉक्सडीबीच्या जुन्या आवृत्त्या आणि त्या पोटात घेऊन फिरणारं सॉफ्टवेअर इथे पडतं. 'सीएक्सएक्सफ्लॅग्ज' मध्ये '-इन्क्लूड सीएसटीडिंट' देऊन निभावतं, मारियाडीबीत रॉक्स नकोच असेल तर '-डीप्लगिन_रॉक्सडीबी=नो'. 'इम्प्लिसिट डिक्लेरेशन ऑफ फंक्शन' ही वर्षानुवर्षं वॉर्निंग होती, जीसीसी १४ (२०२४) मध्ये एरर झाली. आणि जीसीसी १५ (२०२५) ने सी ची मूळ आवृत्तीच सी२३ केली, त्यात 'बूल' हा राखीव शब्द आहे. पोस्टग्रेस १० किंवा त्याआधीच्या कोडमध्ये 'टाइपडेफ चार बूल' अशी ओळ आहे, ती तिथे चालत नाही. 'सीफ्लॅग्ज' मध्ये '-एसटीडी=जीएनयू१७' दिलं की जुना काळ परत येतो.

जीलिबसीही असेच खेळ करतं. पोस्टग्रेससोबत येणाऱ्या पीजी_रीवाइंड या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीत 'कॉपी_फाइल_रेंज' नावाचं घरगुती फंक्शन होतं. जीलिबसी २.२७ ने त्याच नावाचं फंक्शन आणलं आणि 'कन्फ्लिक्टिंग टाइप्स' आलं. पोस्टग्रेसने नाव बदललं, नंतरच्या किरकोळ रिलीजमध्ये ते आहे. म्हणून प्रोजेक्टला अमुकच मेजर आवृत्ती लागत असली तरी तिची शेवटची मायनर रिलीज घ्या. फ्लॅगने कंपायलरचं तोंड बंद करण्यापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचं. '-डब्ल्यूनो' लावून 'इम्प्लिसिट डिक्लेरेशन' दाबली आणि ते फंक्शन खरं पॉइंटर परत करत असेल, तर ६४ बिट मशीनवर पॉइंटरचा वरचा अर्धा भाग कापला जातो. बिल्ड हिरवं, सर्व्हर मात्र पहिल्या क्वेरीला कोसळतो.

मायएसक्यूएलबद्दल दोनच वाक्यं. ८.० ला नेमक्या आवृत्तीचं बूस्ट (सी++ ची लायब्ररी) लागतं, उबुंटू २४.०४ मधलं १.८३ चालत नाही, तेव्हा बूस्ट आत असलेला सोर्स टारबॉल घ्या. आणि सीमेक (इथे कॉन्फिगरचं काम करणारं अवजार) फसलं की पॅकेज टाकून नुसतं परत चालवू नका, बिल्ड फोल्डर पूर्ण उडवा, कारण 'सापडलं नाही' हे उत्तर कॅशमध्ये लिहिलेलं राहतं.

पोस्टग्रेसचा कोड तुम्ही स्वतः बदलणार असाल तर कॉन्फिगरला '--एनेबल-डीबग --एनेबल-सीअसर्ट --एनेबल-डिपेंड' हे तिन्ही द्या. तिसरा लोक गाळतात. त्याच्याशिवाय हेडरमधल्या स्ट्रक्टमध्ये एक फील्ड वाढवलं तर ते हेडर वापरणाऱ्या सगळ्या फाइली परत कंपाइल होत नाहीत. अर्ध्या सर्व्हरला स्ट्रक्ट जुनं दिसतं, अर्ध्याला नवं. एरर एकही नाही, सेगफॉल्ट मात्र भलत्याच ठिकाणी. 'गिट पुल' नंतर विचित्र काही दिसलं तर 'गिट क्लीन -एक्सडीएफ' हा पहिला उपाय. फक्त स्वतःच्या कमिट न केलेल्या नव्या फाइली आधी बाजूला ठेवा, त्याही जातात.

एक्स्टेन्शनपर्यंत (पोस्टग्रेसला वरून जोडायचा जादा कोड) पोहोचाल तेव्हा 'पोस्टग्रेस.एच: नो सच फाइल' आलं तर 'विच पीजी_कॉन्फिग' विचारा. उबुंटूच्या पॅकेजमधलं पोस्टग्रेस आणि तुमचं बिल्ड केलेलं, दोन्ही मशीनवर असतील तर एक्स्टेन्शन भलत्याशीच कंपाइल होतं आणि लोड करताना 'व्हर्जन मिसमॅच' येतं. 'मेक पीजी_कॉन्फिग=$होम/पीजी१६/बिन/पीजी_कॉन्फिग' असं स्पष्ट सांगा. पॅकेजच्या पोस्टग्रेसवर 'क्लँग: कमांड नॉट फाउंड' आलं तर ते जेआयटीसाठी (क्वेरी चालू असतानाच कंपाइल करायची सोय) बिटकोड बनवायला मागतंय, 'मेक विथ_एलएलव्हीएम=नो' ने काम भागतं.

तुमच्यापुरतं: होम फोल्डरमध्ये ताजं क्लोन, वरची सात पॅकेजं, कोंडा बंद, तीन डीबग ऑप्शन आणि प्रीफिक्स देऊन कॉन्फिगर, 'मेक -जे४', मग 'मेक चेक'. 'मेक वर्ल्ड' करू नका, ते डॉक्युमेंटेशनही बनवायला जातं आणि डॉकबुकच्या (डॉक्युमेंटेशन बनवणारं साधन) एररमध्ये तुमची संध्याकाळ घालवतं. सगळं हवंच असेल तर 'वर्ल्ड-बिन'. तरीही अडलं तर 'जीसीसी --व्हर्जन', 'गिट डिस्क्राइब', कॉन्फिगरची पूर्ण आज्ञा आणि बिल्ड.लॉगमधल्या पहिल्या एररच्या वरच्या-खालच्या दहा-दहा ओळी पाठवा. मजकूर म्हणून पाठवा, मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको.